पॅराग्वेची वेनलॉक

रविवार, ६ ऑक्टोबर २०१३. रात्री ८:५०

सापडली.

आधी नोंद. मालिका: 'इन्स्पेक्टर थ्रॉसल', भाग दुसरा, सतरावं मिनिट. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झाडीचं कुंपण, मागे चर्च आणि पब. गाडी पडद्यावर चार सेकंद, मग थ्रॉसल फाटकापाशी उभा. वेनलॉक फोर्टीन ड्रॉपहेड (दुमडणाऱ्या कापडी टपाची), १९५०-५१, गडद हिरवी, टप खाली. नंबरप्लेट चिखलाने माखलेली. इथवर कुणीही ओळखेल. (कुणीही म्हणजे मी.) पण स्टिअरिंग डावीकडे.

वेनलॉक कंपनीने कव्हेंट्रीत अशा ड्रॉपहेड फक्त आठ बांधल्या. सात शिल्लक आहेत, सातही आमच्या वेनलॉक क्लबात, सातही उजव्या स्टिअरिंगच्या, सातही गाड्यांची नोंदीची कार्डं माझ्या पेटीत. आठवीपुढे कारखान्याच्या वहीत नुसती दोन अक्षरं: ई. ओ. गेली सव्वीस वर्षं मी सांगतोय की ई. ओ. म्हणजे एक्स्पोर्ट ऑर्डर. गेली सव्वीस वर्षं लोक म्हणतायत, असेल बुवा.

अगदी वेळेवर सापडली. १६ नोव्हेंबरला क्लबची वार्षिक सभा. विषय सातवा: रजिस्ट्रारची, म्हणजे गाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्याची, निवड. इतक्या वर्षांत माझ्याविरुद्ध कुणी उभं राहिलं नव्हतं. यंदा फिलिपा डनमोर उभी आहे. वय चौतीस. टीव्हीवर दिसणाऱ्या जुन्या गाड्यांची तिने वेबसाइट काढलीय. कार्यक्रम संपायच्या आत तिथे उत्तर हजर. पूर्वी रविवारी नऊ वाजले की आमचा फोन वाजायला लागायचा. रोलंड, ती पांढरी कुठली होती? रोलंड, आमची पैज लागलीय, लवकर सांग. माझी बायको ग्लेनिस वैतागायची. हल्ली वैतागत नाही, कारण फोन वाजत नाही.

वहीत लिहायला हरकत नाही: रजिस्टर गेलं तर मी टीव्हीसमोर बसलेला एक म्हातारा उरतो. बाकी काही नाही.

पण आता कसलं जातंय.

सोमवार, ७ ऑक्टोबर

निश्चय. एक: सभेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही. दोन: रेकॉर्डिंग दिवसातून दोनदाच पाहायचं.

सकाळी अकरापर्यंत सांगितलं: पोस्टमनला, औषधाच्या दुकानातल्या बाईंना, समोरच्या मिसेस गॅस्केलना. तिघंही क्लबचे सभासद नाहीत. निश्चय मोडला असं म्हणता येणार नाही.

रेकॉर्डिंग पाहिलं: एक्केचाळीस वेळा.

नवा शोध. पुढच्या बंपरवर एक जादा दिवा, धुक्यात लावतात तसला. तो उजव्या अंगाला आहे आणि सरळ नाही, खाली झुकलेला आहे. इथल्या गाड्यांना असा दिवा कारखान्यातून कधीच आला नाही. म्हणजे हा मुद्दाम बसवलेला. कुठल्या तरी धुळीच्या देशासाठी, चालकाला खड्डे दिसावेत म्हणून. बत्तिसाव्या वेळेला लक्षात आलं. फिलिपाने बत्तीस वेळा पाहिलं असेल का? ही आजकालची माणसं एकदा बघतात आणि मोकळी होतात.

ग्लेनिसने एकतीस वर्षं लोकांचे कपडे अल्टर करून दिले, त्यामुळे तिला माणूस दिसत नाही, शिवण दिसते. म्हणाली, अरे, या थ्रॉसलच्या कोटाची बटणं बायकी बाजूला लागलीत. एवढ्या एकाच सीनमध्ये. भांगही भलतीकडे गेलाय. म्हटलं, खुनाचा तपास चाललाय, माणूस घाईत कपडे चढवणारच. ती म्हणाली, घाईत काजं कशी सरकतील रोलंड? वाद घालायचे दिवस नाहीत हे.

सेड्रिकचा फोन आला. घ्यायचा नाही असं ठरलेलं आहे. सेड्रिक हकबी म्हणजे आमचा अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य, माझा बत्तीस वर्षांचा मित्र. फिलिपाचं नाव त्यानेच सुचवलं. ऑगस्टपासून आमचं बोलणं बंद आहे, म्हणजे माझ्याकडून बंद आहे. त्याला बहुधा अजून कळलेलं नाही. ग्लेनिसला म्हटलं, सांग मी बागेत आहे. बाहेर धो धो पाऊस. ती फोनवर म्हणाली, तो बागेत आहे म्हणे. हे 'म्हणे' लावायची काही गरज नव्हती.

बुधवार, ९ ऑक्टोबर

टीव्ही कंपनीला पत्र टाकलं. साडेचार पानं. आधी त्यांचं शिक्षण करणं भाग होतं: काच हँडलने वर-खाली होत असेल तर ती ड्रॉपहेड. काच वेगळी आणून खोचावी लागत असेल तर ती टूरर. मालिकेत थ्रॉसल तिला 'कन्व्हर्टिबल' म्हणतो. १९५३ सालच्या इंग्लंडात तो शब्द एखाद्या अमेरिकन सैनिकाने काढला असता, पोलीस इन्स्पेक्टरने नाही. शेवटच्या पानावर मुद्दा: डाव्या स्टिअरिंगची वेनलॉक कुणाची, पत्ता कळवा.

मॉरिसचा फोन. मॉरिस आमच्या मासिकाचा संपादक. म्हणाला, थ्रॉसलमधली वेनलॉक बघितलीस ना? फिलिपाच्या साइटवर सगळी माहिती आलीय, वाच. म्हटलं, ती साइट मी उघडत नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, अरे पण एकदा वाच तरी, मजा आहे. म्हटलं, मजा मी करीन, सभेत.

तिला गाडी दिसली, स्टिअरिंग दिसलं नसणार.

शनिवार, १२ ऑक्टोबर

पुरावा मिळाला. जिवंत.

विल्फ जेप्सन. वय एक्याण्णव. वेनलॉक कारखान्यात टप शिवायच्या खात्यात होते, आता वृद्धाश्रमात असतात. त्या कारखान्यातला शेवटचा माणूस. ग्लेनिसने केलेला फ्रूटकेक घेऊन गेलो. प्रश्न लिहून नेले होते, कारण साक्ष घ्यायची तर पद्धतशीर.

विचारलं, विल्फ, आठवी ड्रॉपहेड बांधली होती ना तुम्ही? म्हणाले, हो. स्टिअरिंग डावीकडे होतं? हो. परदेशी जायची होती? हो. दक्षिण अमेरिकेत? हो. माझा आवाज चढला. म्हटलं, पॅराग्वे? (पॅराग्वे मला बसमध्ये सुचलं होतं. तिथे तेव्हा रस्ते कच्चे होते, दिवा जुळतो.) विल्फ म्हणाले, हो हो, पॅराग्वे.

डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षं. मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात एक नवी नर्स चहा घेऊन आली, दोन चमचे साखर ना विल्फ, म्हणाली. ते म्हणाले, हो.

घरी ग्लेनिस म्हणाली, विल्फना मधुमेह आहे, ते साखर घेत नाहीत. केकही नर्सच खातात. मी म्हटलं, विषय गाडीचा आहे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

लेख पुरा. शीर्षक: 'आठवी'. तीन हजार शब्द. कव्हेंट्रीहून लिव्हरपूल, तिथून बोट, बोटीतून नदी, नदीवरून पॅराग्वेची राजधानी असुन्सिओन. एक श्रीमंत मळेवाला, त्याची इंग्लिश बायको, तिला माहेरची आठवण यावी म्हणून गडद हिरवा रंग. ही इंग्लिश बायको कुठल्या कागदात नाही, पण तिच्याशिवाय हिरवा रंग समजावता येत नाही.

मॉरिसला पाठवला. तासाभरात फोन. आवाज चमत्कारिक. म्हणाला, रोलंड, छापायच्या आधी एकदा सेड्रिकशी बोलून घे बाबा. म्हटलं, का? म्हणाला, माझं ऐक, बोल फक्त. मी सरळ विचारलं, अध्यक्षांची परवानगी लागते का इतिहासाला? तो म्हणाला, लागत नाही, पण चहा घ्यायला काय जातं. मी म्हटलं, छापणार आहेस की नाही? म्हणाला, तू रजिस्ट्रार आहेस, तू म्हणशील तर छापतो.

कट आहे हा. सगळे मिळून मला पाण्यात पाहतायत. सभेआधी लेख बाहेर येऊ नये, एवढाच डाव.

रविवार, २० ऑक्टोबर

मोजमाप. चित्र थांबवून ग्लेनिसच्या शिवणाच्या टेपने पडद्यावर चाकांमधलं अंतर घेतलं. खुणा राहाव्यात म्हणून पडद्यावर पेन्सिल चालवली. पेन्सिल उमटत नव्हती म्हणून ग्लेनिसचा खडू घेतला, तोही नीट उमटेना, म्हणून मार्कर.

मार्कर जात नाही.

आजचा भाग ग्लेनिसने थ्रॉसलच्या तोंडावर आडवी रेघ घेऊन पाहिला. जाहिराती लागल्या तेव्हा म्हणाली, बाकीचे नवरे गोल्फला जातात.

चाकांमधलं अंतर अकरा इंचांनी कमी भरलं. पडदा वळलेला असणार.

शनिवार, २६ ऑक्टोबर

अत्यंत वाईट दिवस. पण उपयोगी.

पडद्यावरचं चर्च मी ओळखलं: अप्पर टॉडबरी, इथून बावन्न मैल. चौकोनी मनोरा, त्यावर कोंबडा. गेलो. गाव अगदी तेच, झाडी तीच, फाटक तेच. पण टीव्हीवर चर्च पबच्या डाव्या हाताला आहे आणि इथे उजव्या. दोन तास वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिलं. एका शेतात शिरून मागूनही पाहिलं. बूट तिथेच रुतला, काढता काढता मोजा गेला.

पबमध्ये बसलो. मालकीणबाई सूप देता देता म्हणाल्या, थ्रॉसल बघून आलात वाटतं? मे महिन्यात इथेच शूटिंग झालं, चार दिवस नुसती जत्रा. म्हटलं, इथे नाही झालं. म्हणाल्या, अहो इथेच झालं, तो नट तुम्ही बसलायत तिथे बसला होता. मी त्यांना शांतपणे समजावलं की त्या गावात चर्च डावीकडे आहे, म्हणजे हे गाव ते नव्हे, याच्यासारखं दुसरं गाव असलं पाहिजे. त्या म्हणाल्या, साहेब, हा पब माझा आहे. मी रोज उघडते. मला माझा पब कळतो.

असं ठामपणे बोलणारी माणसं सगळ्यात आधी चुकतात, हा माझा अनुभव आहे.

परतीच्या वाटेवर आणखी तीन गावं तपासली. नव्हती.

निश्चय: पुढच्या वेळी बूट घट्ट बांधायचे.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

टीव्ही कंपनीचं उत्तर नाही. फिलिपाने सगळ्या सभासदांना पत्र पाठवलंय. कार्डं जपून ठेवली त्याबद्दल रोलंड पेटिफर यांचे आभार, ती सगळी आता संगणकावर घेऊ या, काम त्यांच्याच मदतीने करू या. गोड गोड. 'मदतीने'. सव्वीस वर्षं ज्याने पेटी सांभाळली तो आता मदतनीस.

सेड्रिकचे दोन फोन. दोन्ही वेळा मी बागेत.

रविवार, ३ नोव्हेंबर. दुपारी ४

लिहू की नको असं दोन तास चाललंय.

जेवणानंतर मी सतरावं मिनिट लावून बसलो होतो. ग्लेनिस वर गेली आणि ड्रेसिंग टेबलाचा आरसा काखोटीला मारून खाली आली. म्हणाली, हल, सरक जरा. टीव्हीसमोर आरसा धरून उभी राहिली. म्हणाली, आता बघ. माझ्याकडे नको, आरशात बघ.

आरशात थ्रॉसलच्या कोटाची बटणं पुरुषांसारखी होती. भांग बरोबर होता. चर्च पबच्या उजवीकडे होतं. स्टिअरिंगही उजवीकडे होतं.

ती म्हणाली, त्यांनी चित्र उलटं लावलंय रे. पहिल्या दिवसापासून सांगतेय मी. कोट कधी खोटं बोलत नाही.

म्हटलं, आरशात काहीही दिसतं.

ती म्हणाली, रोलंड. एवढंच. हात भरून आले तरी तिने आरसा खाली ठेवला नाही.

तिला सांगितलं नाही ते इथे लिहितो. आरशात तो झुकलेला दिवा डाव्या बंपरवर होता. डाव्या बंपरवर झुकलेला दिवा असलेली एक हिरवी वेनलॉक मला माहीत आहे. १९९६ च्या उन्हाळ्यात तो मी स्वतः बसवला, सेड्रिकच्या घरासमोर. ड्रिल घसरलं आणि भोक वाकडं पडलं. सेड्रिक म्हणाला होता, राहू दे रे, गाडीला जरा स्वभाव येतो.

पेटीतलं कार्ड क्रमांक चार. मी त्या गाडीत बसून वेल्सला गेलोय. दोनदा.

सोमवार, ४ नोव्हेंबर

झोपून उठल्यावर गोष्टी स्पष्ट दिसतात. वाकडे दिवे जगात अनेक असतील. ड्रिल कुणाचंही घसरतं, पॅराग्वेतही. चित्र उलटं असेलही, पण म्हणून गाडी डाव्या स्टिअरिंगची नव्हती हे सिद्ध होत नाही.

हे वाक्य पुन्हा वाचलं. सिद्ध होतं.

मॉरिसला फोन केला. अत्यंत सहज आवाजात विचारलं, लेखात एक स्वल्पविराम बदलायचा होता, वेळ आहे ना? म्हणाला, अंक आजच पोस्टात टाकले. मुखपृष्ठावर तूच आहेस.

मी विचारलं, किती प्रती? म्हणाला, सगळ्या.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

बॉनफायर नाइट. मैदानात होळी पेटलीय, फटाके चालू आहेत. ग्लेनिस मिसेस गॅस्केलबरोबर गेली. मी घरी. वर्षानुवर्षं दर पाच नोव्हेंबरला, संसद उडवायच्या कटात पकडल्या गेलेल्या गाय फॉक्सचा पुतळा जाळताना बघतोय, त्या माणसाबद्दल आज पहिल्यांदा जरा वाईट वाटलं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

टीव्ही कंपनीचं पत्र. जेमायमा नावाच्या कुणाचं, चार ओळी. आधीच्या शॉटमध्ये गाडी डावीकडून उजवीकडे जात होती, सलग दिसावं म्हणून पुढचे दोन शॉट एडिटिंगमध्ये उलटे केले. कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. तुमच्या बारीक नजरेचं कौतुक.

गाडी मिस्टर सी. हकबी यांनी दिली होती, तुम्ही कदाचित ओळखत असाल.

पत्र फाडलं. मग चिकटवलं. मग रजिस्टरच्या पेटीत ठेवलं, क्रमांक चारच्या मागे. कागद टाकायचा नाही हा माझाच नियम आहे.

सोमवार, ११ नोव्हेंबर

निश्चय, आणि हा शेवटचा. सभेत विषय सातवा येण्याआधी मी स्वतः उभा राहणार. तीन वाक्यं. एक, लेखात चूक झाली. दोन, चूक माझी. तीन, सेड्रिकची माफी मागतो. मग खाली बसायचं. कुणी हसायच्या आत आपणच सांगितलं की त्यातली हवा जाते. उलट लोक म्हणतील, याला म्हणतात रजिस्ट्रार, स्वतःची चूकही नोंदवतो. मतं वाढतीलसुद्धा.

ग्लेनिसला वाचून दाखवलं. म्हणाली, चांगलं आहे, एवढंच बोल. पुढे एक शब्द बोलू नकोस. तिने तीन वाक्यं एका कार्डावर लिहून कोटाच्या खिशात घातली आणि खिसा टाक्याने बंद केला. म्हणाली, वाटेत दुरुस्त्या करशील म्हणून.

शनिवार, १६ नोव्हेंबर. संध्याकाळी ७

क्रिकेट क्लबचा हॉल. हजर तेवीस. हॅम सँडविच, पोर्क पाय, चहा. भिंतीवर माझ्या लेखाच्या अंकाचं मुखपृष्ठ लावलेलं. मॉरिस विल्फना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आला होता.

सहावा विषय संपला आणि मी उभा राहिलो. टाका सुटेना. बाकी बावीस माणसं माझ्याकडे आणि मी माझ्या खिशाकडे. तसंच बोलायला लागलो. म्हटलं, मित्रहो, लेखाबद्दल. एवढं म्हटलं आणि समोर फिलिपा दिसली. ती पुढे वाकून, मान हलवत, मला धीर देत होती.

त्या धीराने घात केला. मी म्हटलं, लेखाबद्दल काही जण शंका घेतायत, त्यांना माझ्याकडे उत्तर आहे. हे शब्द माझ्याच तोंडातून येत होते, मी ऐकत होतो, आणि ते थांबत नव्हते. पॅराग्वे आला. मळेवाला आला. त्याची बायको आली. दिवा आला, धुळीसाठी झुकलेला. मी म्हटलं, साक्षीदार या हॉलमध्ये बसलेत. विल्फ, ई. ओ. म्हणजे काय ते तुम्हीच सांगा सगळ्यांना.

विल्फ म्हणाले, एर्नी ओक्स.

मी म्हटलं, काय?

ते म्हणाले, अरे एर्नी ओक्स, आमचा स्टोअरकीपर. ई. ओ. त्याची सही. आठवी गाडी उभीच राहिली नाही, दरवाजे, काचा, सगळं स्टोअरमध्ये जमा केलं. एर्नी भला माणूस होता. मग खणखणीत आवाजात म्हणाले, मला केक मिळेल का?

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सेड्रिक उठला. मला वाटलं आता सूड घेणार. त्याचा आवाज अगदी खाली होता. म्हणाला, रोलंड, ती माझी गाडी आहे रे. मी ऑक्टोबरपासून तुला फोन करतोय. मी म्हटलं, गाडी ओळखण्यात चूक होऊ शकते सेड्रिक, चित्र उलटं होतं. तो म्हणाला, गाडीचं सोड. त्या नटाला ते गिअर जमेनात, म्हणून टोपी आणि कोट घालून मलाच बसवलं त्यांनी. गाडीत मी होतो. चार सेकंद मीच आहे तिथे. तू किती वेळा बघितलंस?

मी खरं ते सांगितलं. शंभरच्या वर.

तो म्हणाला, बरं. आणि बसला.

मग फिलिपा उठली. म्हणाली, उलट्या चित्राने कुणीही फसेल, मीही फसले असते, सेड्रिकने आधी सांगितलं नसतं तर. आणि ज्यांच्या कार्डांवरून मी हे सगळं शिकले त्यांच्याविरुद्ध उभं राहताना मला संकोच वाटतोय. तिला म्हणायचं होतं तेच ती म्हणाली, त्यात डाव काही नव्हता. हे मला तेव्हाच कळलं आणि उभं राहणं अशक्य झालं.

मतदान, हात वर करून. फिलिपा: एकवीस. मी: दोन. एक हात माझा आणि एक विल्फचा. विल्फनी फिलिपालाही हात वर केला होता. तो बाद करावा असा मुद्दा मी काढला नाही, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

गाडीत ग्लेनिस म्हणाली, खिसा का नाही फाडलास? म्हटलं, चांगला कोट आहे. तिने गाडी बाजूला घेतली, कात्री काढली, टाका उसवला आणि कार्ड माझ्या हातात दिलं. आठ शब्द होते.

रविवार, १७ नोव्हेंबर

फिलिपा सकाळी दहाला पेटी न्यायला आली. तिच्याशी थंडपणे वागायचं ठरवलं होतं. तिने कार्ड क्रमांक एक काढून विचारलं, हे पेन्सिलीने काय लिहिलंय? मी सांगायला बसलो. दीड वाजला. ग्लेनिसने सूप दिलं. फिलिपाने सगळं लिहून घेतलं, दोनदा मला थांबवून पुन्हा विचारलं. क्रमांक चारच्या मागचं चिकटवलेलं पत्र तिच्या हाताला लागलं. तिने वाचलं, घडी घालून होतं तिथे ठेवलं, आणि म्हणाली, पाच नंबरचं सांगा.

कार्डांची पेटी आणि बाकी कागदांच्या तीन, अशा चार पेट्या. तिच्या गाडीत मावल्या, मागची सीट पाडावी लागली.

माझा अंदाज आहे जानेवारीपर्यंत त्या परत येतील. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. माणूस तयार हवा म्हणून मी रविवारी पेन्सिल आणि कागद फोनपाशी ठेवणार आहे.

सेड्रिकला फोन करायचा आहे. उद्या.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सेड्रिकला फोन करायचा आहे. आज त्याचा ब्रिज खेळायचा दिवस असतो. शनिवारी.

शनिवार, २३ नोव्हेंबर

शनिवारी माणसं घरच्यांबरोबर असतात.

रविवार, २४ नोव्हेंबर. रात्री ९:२०

थ्रॉसलचा शेवटचा भाग. चौतिसाव्या मिनिटाला टेकडीच्या वळणावर गाडी. नुसता आवाज आला तेव्हाच मी म्हटलं होतं, आणि गाडी वळणाच्या बाहेर आली तेव्हा तीच निघाली: अल्व्हिस टीए १४, ड्रॉपहेड, १९४९ च्या आसपासची. थ्रॉसलच्या कोटाची बटणं मी आधी तपासली. बरोबर होती. स्टिअरिंग उजवीकडे. चालवणाऱ्याचा चेहराही पाहिला. ओळखीचा नव्हता. कागदावर वेळ टाकून सगळं लिहिलं.

नऊला फोन वाजला. दुसऱ्या रिंगला उचलला. सेड्रिक.

म्हणाला, अरे वा, आज बागेत नाहीस. मी हसलो. तोही हसला. म्हटलं, सेड्रिक, मी तुला फोन करणारच होतो. तो म्हणाला, माहीत आहे. मग त्याच्या दाताच्या जुन्या दवाखान्याच्या जागी काय उघडलंय ते सांगितलं, गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे म्हणाला. माझ्या हातात कागद होता. मी वाट बघत होतो.

मग म्हणाला, बरं, ज्यासाठी फोन केला ते राहिलंच. आत्ताची ती गाडी, वळणावरची. इकडे आमची पैज लागलीय. तुझ्याकडे फिलिपाचा नंबर आहे का?

होता. पाठ होता. सांगितला. त्याला एक आकडा नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा सांगितला, सावकाश.

आत आलो. ग्लेनिसने विचारलं, कोण होतं? म्हटलं, राँग नंबर.

राँग नंबरशी चार मिनिटं बोललास, म्हणाली ती, आणि सोफ्यावर माझ्या बाजूला सरकून बसली.